अनुभव धागा : ताजा बर्फ, झाडं आणि आपली गँग

इंदुरात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, हे मान्य. पण आपल्यातले बरेच जण गुलमर्गला जाऊन स्की शिकून आलेत आणि आल्यापासून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत दुसरं काही बोलत नाहीत. ते इथे लिहा. हॉटेलांचे दर नकोत, प्रवासवर्णनही नको. रात्रभर बर्फ पडून गेल्यावर मित्रमैत्रिणींबरोबर झाडांतून उतरलेली एखादी सकाळ हवी. मजा आली नसेल तर तेही लिहा. मी सुरू करते.

आम्ही गेलो तेव्हा चिल्लई कलान चालू होतं, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे काश्मीरमधले कडाक्याचे ४० दिवस. सकाळी कळलं, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, अफरवट शिखराकडे जाणारा वरचा टप्पा बंद. आमची तोंडं पडली, गाइड मात्र खूश! का, ते खालचा टप्पा संपतो तिथे, कोंगडोरीला उतरल्यावर समजलं. ढगात उघड्या उतारावर जमीन नि आभाळ एकच दिसतं. खड्डा कुठे, उंचवटा कुठे, पत्ता लागत नाही. फरच्या झाडांत शिरलं की काळे बुंधे दिसतात आणि उताराचा अंदाज येतो. बर्फ गुडघ्याच्या वर. स्की दिसतच नव्हत्या, मधूनच नुसती टोकं वर यायची. फांदीला खांदा लागला की वरचा सगळा ढीग कॉलरमधून थेट पाठीत. मागून येणारी माझी बालमैत्रीण माझ्या डोक्यावरच्या फांद्या पोलने (स्कीच्या काठीने) मुद्दाम हलवत होती, हे जेवताना उघड झालं.

रामबागकर
ताई, फांद्यांचं अगदी अगदी! दाबून सपाट केलेल्या उतारावर वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायला शिकवतात. तसं इथे केलं की तो पाय बुडतो आणि आपण तोंडावर. आमचा गाइड दर वळणाला ओरडायचा, "दोनों पैर साथ में!" झाडांचं म्हणाल तर धनतेरसच्या संध्याकाळी सराफ्यातून स्कूटर काढतो तसंच आहे, नजर माणसांवर नाही, फटीवर ठेवायची. झाडाकडे बघितलं की झाडाकडेच जातो आपण.

एकदा मित्राची स्की निघाली आणि गडप. आम्ही सगळे खालच्या बाजूला उकरतोय. गाइडने वर चढायला लावलं आणि पडल्या जागेच्या वरून पोल आडवे ओढत शोधायला सांगितलं. पडणारा माणूस पुढे घसरतो, स्की बऱ्याचदा मागेच रुतून राहते. सापडली. तोवर एकाने खिशातली लसूण शेव काढली होती, तीही संपली.

पागनीसपागेतली सून
मजेचं सगळे लिहितील, मी दुसरं लिहिते. फरच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे बुंध्याजवळ बर्फ साचत नाही. भोवती पोकळी राहते आणि ती वरून दिसत नाही. त्यात माणूस डोकं खाली होऊन पडला की स्की वर अडकतात, भुसभुशीत बर्फ अंगावर येतो आणि एकट्याला बाहेर पडता येत नाही. म्हणून झाडांत जोडीने उतरायचं आणि पोलचे पट्टे मनगटातून काढून ठेवायचे, म्हणजे पोल फांदीत अडकला तरी हात खेचला जात नाही.

माझी जोडी नणंदेबरोबर होती. आम्ही घरात फारशा बोलत नाही, पण तिथे दर दोन वळणांनी "वहिनी?" "आहे!" "वहिनी?" "आहे गं!" एकदा माझं उत्तर गेलं नाही. गॉगलवर वाफ धरली होती आणि मी थांबून तो पुसत होते, बास. ही बाई पाच-सहा झाडं ओलांडून उलटी वर चढून आली, धापा टाकत, आणि मला बघून आधी चिडली. इंदुरात परतल्यावर पुन्हा आमचं मोजकंच बोलणं चालू आहे. असो.

सुदामानगर
मला नाही आवडलं. भाड्याचे बूट एवढे आवळलेले की नडगी सुजली. पडलं की उठता येत नाही, हात टेकला तर खांद्यापर्यंत आत. दोन्ही पोलची फुली करून त्यावर जोर द्यायचा असतो, हे माझ्या मित्रांनी मी पुरेसा दमल्यावर सांगितलं. त्यांना तुम्ही मित्र म्हणा. संध्याकाळी कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) मांडीशी घेऊन कहवा प्यायलो, तेवढं मात्र छान होतं.

राजेंद्रनगरचे काका
वाचून बरं वाटलं. एक भ्रम मात्र काढायला हवा. झाडं आहेत म्हणजे हिमस्खलन होणार नाही, असं धरून चालू नका. जिथून तुम्ही आरामात निघू शकता, तिथून बर्फही निघू शकतो. अफरवटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. त्यामुळे प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्या माणसाचा माग देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवा, आणि हे सगळं वापरता यायला हवं. नुसतं पाठीवर मिरवून उपयोग नाही.

बाकी सकाळ म्हणाल तर माझी बाबारेशीच्या बाजूची. गोंडोलाची गरजच नाही, गुलमर्गहून खालीच जंगलातून उतरत जायचं आणि रस्त्याला लागलं की जीप करून वर यायचं. आम्ही चौघं वर्गमित्र, सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. पण पावडरमध्ये, म्हणजे अशा ताज्या भुसभुशीत बर्फात, गुडघ्यांना हादरा बसत नाही, आणि पडलं तरी लागत नाही. जीपमध्ये मात्र चौघेही कण्हत होतो.

एक आई
काका, मुलाची बारावी आहे. परीक्षा संपली की मार्चअखेर जायचं म्हणतोय. महूहून मालवा एक्सप्रेसने कटऱ्याला आणि तिथून श्रीनगरची वंदे भारत. तेव्हा असा बर्फ मिळेल का?

राजेंद्रनगरचे काका
शिकण्यापुरता वरच्या उतारांवर मिळेल बहुधा. पण धाग्यातला हा बर्फ तेव्हा अवघडच. मार्चच्या उन्हाने तो दुपारपर्यंत ओला नि जड होतो, रात्री गोठून कडक. झाडांत तर त्यावर मुळीच जाऊ नका. पावडर हवा तर जानेवारी-फेब्रुवारीच पकडा. प्री-बोर्डचं काय करायचं ते तुम्ही बघा.