एचटीएमएल (वेबपानाचा कोड) हातानं लिहायला शिकण्यात अर्थ आहे का?

इतवारीवाला: मसाल्याच्या दुकानाचं एकच वेबपान हवं आहे: दरपत्रक, वेळ, पत्ता. तयार टेम्पलेट मोबाइलवर उघडता उघडत नाही. कोड तर एआयही देतो, मग शिकून काय मिळेल?

महालकर: एवढ्याला पन्नासेक ओळी पुरतात भाऊ. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर नावामागं गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटतं अन् ब्राउझर नुसता कोड दाखवतो. हेडमध्ये (कोडचा वरचा, पानावर न दिसणारा भाग) सगळ्यात वर यूटीएफ-८ चा चारसेट टॅग, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी खूण; तो पहिल्या १०२४ बाइटांत हवा. नसला तर ‘हळद’च्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. व्ह्यूपोर्ट टॅग (पानाची रुंदी फोनच्या पडद्याएवढी ठरवणारा) विसरलात तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो, भाव वाचायला भिंग लागतं.

धंतोली_डेव्ह: पान उघडायचा वेळ बहुतेक फोटोच खात असतील. ४००० पिक्सेलचा फोटो ८०० वर आणा. फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, म्हणजे फोटो येताना मजकूर उड्या मारत नाही. फाइलींची नावं स्मॉल लेटर्समध्येच ठेवा. विंडोजवर कॅपिटल-स्मॉलची गल्लत खपते, लिनक्स सर्व्हरवर थेट ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. एआयचा कोड अशाच ठिकाणी अडतो. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅबमधली (कोणती फाइल आली, कोणती अडली ते दाखवणारा) लाल ओळ वाचता आली पाहिजे. शिकायचं ते यासाठी.

इतवारीवाला: जावास्क्रिप्टही (पान हलतं-बोलतं करणारी भाषा) लागेल?

महालकर: दरपत्रकाला? काहून? टेबल टॅग बस झाला. फोन नंबरच्या लिंकमध्ये नंबराआधी ‘टेल:’ (tel:) लावा, बोट ठेवलं की डायलरच उघडतो.