सर्व्हर ओएस फुकट मिळते, मग तिच्या कंपनीत पैसे का गुंतवायचे?

आकडेमोड:
आमच्या चौघांच्या गुंतवणूक गटात परवा चांगलंच वाजलं. एकजण म्हणतो, सोर्सकोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) कुलपात असलेल्या कंपनीतच पैसे घाला. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) कुणीही उतरवून घेतो, मग विकायला उरतं काय? दुसऱ्याच्या मते त्या कुलपालाच गिऱ्हाईक वैतागतं. मला ताळेबंद वाचता येतो, पण सर्व्हरला कधी हात लावलेला नाही. ज्यांनी लावलाय त्यांनी सांगा, ग्राहक नेमके कशाचे पैसे देतो?

रात्रपाळी:
बावीस वर्षं खुल्या आणि कुलूपबंद, दोन्हीकडचे सर्व्हर सांभाळतोय, म्हणून दोन रात्री सांगतो.

पहिली. लिनक्सचा कर्नल (ओएसचा गाभा) अपडेट केला, रीबूट मारला आणि डेटाबेसचा सर्व्हर उठेना. स्क्रीनवर कर्नल पॅनिक, म्हणजे गाभाच थांबलेला; मुख्य डिस्क जोडली जात नाही. जुन्या कर्नलवरून बूट करून पाहिलं तर बूट पार्टिशन शंभर टक्के भरलेलं, त्यामुळे नवा इनिट-रॅम-एफएस (सुरू होताना कर्नलला लागणारी इमेज) अर्धवटच लिहिला गेला होता. दोन जुने कर्नल काढले, इमेज पुन्हा बनवली, वीस मिनिटांत काम चालू. इथे ओएस कंपनीला सपोर्टसाठी भरतो त्या सबस्क्रिप्शनचा काही संबंध आला नाही.

दुसऱ्या वेळी मशीन दर तीन-चार दिवसांनी आपोआप कोसळायचं. लॉगमध्ये काहीच नाही. क्रॅश डंप (कोसळतानाच्या मेमरीची नक्कल) सपोर्टला पाठवला. त्यांच्या इंजिनिअरने तो उलगडून चूक स्टोरेज ड्रायव्हरमध्ये असल्याचं दाखवलं आणि दुरुस्त कर्नल बांधून दिला. सोर्स माझ्याकडेही होता, पण तो डंप वाचायची माझी कुवत नव्हती. पैसे त्या माणसाचे असतात. शिवाय तीच आवृत्ती दहा वर्षं सुरक्षा-दुरुस्त्यांसकट चालेल आणि डेटाबेसवाला ‘या ओएसवर आम्ही जबाबदार नाही’ म्हणून हात झटकणार नाही, याचेही.

लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीने हेच विकून २०१२च्या आर्थिक वर्षात १ अब्ज डॉलरच्या वर महसूल मिळवला. २०१९मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. कोड तेव्हाही खुलाच होता.

सावधपावलं:
एका रेड हॅटवरून हुरळून जाऊ नका. व्हीए लिनक्सचा शेअर डिसेंबर १९९९मध्ये ३० डॉलरला आला आणि पहिल्याच दिवशी २३९ डॉलरवर बंद झाला. २००१मध्ये कंपनीने हार्डवेअरचा धंदाच सोडला. लिनक्स घातलेली यंत्रं विकत होती, तशी कुणीही विकू शकत होतं.

आकडेमोड:
रात्रपाळीदादा, मग कुलूपवाल्यांचं बळ खोटं म्हणायचं का?

रात्रपाळी:
खोटं अजिबात नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६च्या आवृत्तीपासून प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, एका सर्व्हरला किमान १६. आम्ही एकदा यंत्र बदललं, १६ कोअरचं ३२ कोअरचं झालं. काम तेच, माणसं तीच, परवाने दुप्पट. तरी सोडून जाता आलं नाही, कारण लॉगिनपासून हिशेबाच्या पॅकेजपर्यंत सगळं त्याच ओएसला बांधलेलं. गुंतवणूकदाराला हे आवडणारच. पण बांधलेलं गिऱ्हाईक नवं काम त्या ओएसवर टाकत नाही, हे मी रोज बघतो. मायक्रोसॉफ्टनेही ते ओळखलं आणि आपल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची २०१७ची आवृत्ती लिनक्सवर आणली.

खुल्या बाजूचा धोका वेगळा. डिसेंबर २०२०मध्ये सेंटओएस ८ची (रेड हॅटच्या कोडवरून बनणारी फुकट ओएस) मुदत २०२९वरून २०२१च्या अखेरीवर आणली गेली. थोड्याच महिन्यांत तिच्या जागी अल्मा आणि रॉकी या तशाच फुकट ओएस उभ्या राहिल्या. दरवाजा एकाने लावला तरी कोड बाहेरच असतो, त्यामुळे अशा कंपनीला ग्राहक धाकाने धरून ठेवता येत नाही.

तुम्ही ताळेबंद वाचता ना? मग डिफर्ड रेव्हेन्यू तिमाही-तिमाहीने लावून बघा. सबस्क्रिप्शनचे पैसे आधी येतात, महसूल नंतर धरला जातो. विक्री वाढतेय पण हा आकडा घसरतोय, असं दिसलं तर नूतनीकरणं आटत असू शकतात. तिथे खोदा.

आकडेमोड:
हे आम्ही पाहिलंच नव्हतं. मागच्या आठ तिमाह्या आज रात्री काढतो.