स्यूडोमिक्सोमाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी कोणती तयारी ठेवावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : माझ्या आईला (वय 58) अपेंडिक्समधून सुरू होऊन पोटभर पसरलेला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय (पोटात जेलीसारखा चिकट पदार्थ साठत जाणे) हा दुर्मीळ आजार आहे. मुंबईत शस्त्रक्रिया करून त्याच वेळी पोटात गरम केमो, म्हणजे हायपेक, देणार आहेत. घरी बाबांखेरीज मी एकटीच आहे. परतल्यावर कोणत्या गुंतागुंती होऊ शकतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : ताई, माझ्या पत्नीची हीच शस्त्रक्रिया झाली आहे. साधारण 41 ते 43 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले औषध तास-दीड तास पोटात फिरवतात. आतड्याचा भाग काढून जोडलेला असेल, तर ती जोड गळण्याची भीती असते, आणि मायटोमायसिन हे केमोचे औषध दिले असल्यास पुढच्या एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी घटू शकतात. दोन्हींत जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून ताप हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण समजा. घरी आल्यावर एका संध्याकाळी हिला 101 ताप होता; प्रवासाचा शीण असेल असे समजून मी पॅरासिटामॉल दिली आणि सकाळची वाट पाहिली. पोटात पू झाला होता, नळी घालून तो काढावा लागला. ती रात्र मी वाया घालवायला नको होती. थर्मामीटर उशाशी ठेवा आणि 100.4 च्या वर गेल्यास वेळ न पाहता फोन करा. मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आहे, त्यामुळे निघण्यापूर्वीच इथल्या एखाद्या पोटाच्या सर्जनना सगळे कागद दाखवून, अडचण आल्यास दाखल करून घ्याल का, हे स्पष्ट विचारून ठेवा.

भूक फार उशिरा येते. हिने पहिल्यांदा स्वतःहून मागितले ते पांढऱ्या रश्श्याचे दोन घोट, तेही पाचव्या आठवड्यात. तोवर आग्रह करू नका.

उत्तर 2 : या शस्त्रक्रियेत प्लीहा (पाणथरी) काढण्याची शक्यता असेल, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात, हे आत्ताच विचारा. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर टोचायची इंजेक्शने बहुधा चार आठवडे असतात. ती टोचायला घरच्या कुणीतरी वॉर्डातच शिकून घ्यावे. मला लहान आतड्याची पिशवी (आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे लावलेली) होती. तिच्यात जमलेले रोज मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहीत असे. दिवसाला दीड लिटरच्या वर गेले की नुसते पाणी पिऊन भागत नाही, उलट पिशवीत येणारे पाणी वाढते. ओआरएस घ्यावे आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.