शिफ्ट बदलली की संकल्प मोडतो. वाक्य नेमकं कसं लिहावं?

शिरोली_व्हीएमसी
राम राम मंडळी. काम कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, घर शहरात राजारामपुरीत. एक आठवडा सकाळी ७ ते ३:३०, पुढचा आठवडा दुपारी ३:३० ते रात्री १२. पाडव्याला तीन संकल्प केलेत: रोज पहाटे ५:३० ला रंकाळा तलावावर चालणं, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) प्रोग्रॅमिंगचा अभ्यास आणि महिन्याला ३,००० रुपये बाजूला टाकणं. सेकंड शिफ्ट लागली की चालणं बंद पडतं आणि त्याच्यामागनं बाकीचंही. वेळ लिहावी तर शिफ्ट आडवी येते, न लिहावी तर 'बघू उद्या' होतं. नेमकं काय लिहून ठेवायचं? प्रेरणेचे व्हिडिओ पाठवू नका, लई झालेत.

सागरमाळ
व्हिडिओ नको म्हणालात ते योग्यच. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान एकदा २० मिनिटं व्यायाम, एवढीच अपेक्षा. ज्यांना नुसती प्रेरणा दिली त्यांच्यातल्या ३५ टक्के लोकांनी तो केला. काहीच न दिलेल्यांत ३८ टक्के. प्रेरणेसोबत ज्यांच्याकडून कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे हे लिहून घेतलं त्यांच्यात ९१ टक्के. अर्थात हा एका आठवड्याचा आकडा आहे, त्यावरून वर्षभराची खात्री धरू नये.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ च्या लेखात हेच मांडलंय. 'मला चालायचंय' हे ध्येय झालं. 'अमुक झालं की अमुक ठिकाणी अमुक करीन' हा बेत. बेत ठरलेला असला की ऐनवेळी 'आत्ता की नंतर' हा वाद मनात होत नाही, खूण दिसली की काम आठवतं.

तुमची अडचण खुणेत आहे. घड्याळ ही खूण ज्यांचा दिवस रोज सारखा असतो त्यांच्यासाठी. तुम्ही घटना धरा, आणि प्रत्येक शिफ्टसाठी वेगळं वाक्य लिहा:

फर्स्ट शिफ्ट: 'कामावरून घरी येऊन डबा मोरीत ठेवला की बूट घालून ३० मिनिटं चालीन.'
सेकंड शिफ्ट: 'उठून चहाचा कप विसळला की बूट घालून ३० मिनिटं चालीन.'

खूण अशी हवी की जी घडल्याशिवाय दिवस जातच नाही, आणि घडताना हाताला कळते. 'फ्रेश वाटलं की', 'वेळ मिळाला की' या खुणा नव्हेत. त्या येतच नाहीत.

आणि तीन बेत एकदम नको. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एका कामाचा तपशीलवार बेत फायद्याचा ठरतो, पण बऱ्याच कामांचे बेत एकदम केले की ती किती अवघड आहेत हेच डोळ्यांपुढे येतं आणि जोर ओसरतो. आधी चालणं बसवा.

उभा_मारुती_चौक
भावा, फर्स्ट शिफ्टला पहाटे ५:३० ला रंकाळा आणि ७ ला शिरोली? रंकाळा गावाच्या एका टोकाला, शिरोली दुसऱ्या. गाडी काढायची, लावायची, चालायचं, परत घरी यायचं, आंघोळ, डबा. हे गणित कागदावरच चुकलंय, त्याला मनाचा निग्रह काय करणार! राजारामपुरीतनं विद्यापीठाचा परिसर जवळ पडतोय, तिकडं जा; आत सोडायच्या वेळा तेवढ्या गेटवर विचारून घे. रंकाळा सुट्टीच्या दिवशी ठेव, भेळ खायला.

दुसरं, पावसाळ्याचं काय? जूनपासनं इथं पाऊस लागला की महिनाभर उघडीप नाही. वाक्यात आत्ताच घाल: 'पाऊस लागलेला असला तर घराच्या जिन्यावर १५ मिनिटं चढ-उतार.' पाऊस आल्यावर ठरवायला बसलास तर ठरतंय ते चहा-भजीचंच.

वहीखातं
पैशाच्या बाबतीत वाक्य लिहूच नका. ते काम बँकेला लावून द्या. पगार जमा होण्याची जी नेहमीची तारीख असेल त्याच्या दोन-तीन दिवस पुढची तारीख धरून बचत खात्यातून आवर्ती ठेवीत ३,००० आपोआप वळते करायला सांगा. पगाराचीच तारीख धरली आणि पगार एक दिवस लांबला, तर हप्ता चुकतो.

पोस्टाची आवर्ती ठेव घेणार असाल तर ती ५ वर्षांची असते आणि चुकलेल्या हप्त्याला १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड बसतो, म्हणजे ३,००० ला ३० रुपये. दंड किरकोळ आहे, पण चार हप्ते थकले की खातं खंडित धरतात आणि पुढच्या दोन महिन्यांत चालू करून घ्यावं लागतं. ३,००० ची ओढाताण होणार असेल तर २,००० नेच सुरुवात करा.

सागरमाळ
जिन्याची सूचना नेमकी आहे. अडथळा आधीच नाव घेऊन लिहायचा, यावर गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं बरंच काम आहे. क्रम असा: इच्छा, ती पुरी झाल्यावर सगळ्यात चांगलं काय होईल, मग आपल्या आतला अडथळा, मग 'तसं झालं तर असं करीन'. नुसतं गोड चित्र रंगवून थांबलं तर मन आधीच समाधानी होतं आणि हालचाल मंदावते, म्हणून चित्रानंतर अडथळा यायलाच हवा. तुमचा आतला अडथळा शिफ्ट नसावी. घरी आल्यावर 'पाच मिनिटं' आडवं होणं असावा. तपासून बघा.

२१ दिवसांत सवय लागते हे मनातून काढा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, आणि फरक १८ पासून २५४ पर्यंत. (अभ्यास १२ आठवड्यांचाच होता, मोठे आकडे कल बघून काढलेले.) कामाचं हे की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तुम्ही मात्र एक आठवडा चुकला की तिन्ही सोडताय.

शिरोली_व्हीएमसी
आभार सगळ्यांचे. असं लिहिलंय: 'डबा मोरीत ठेवला की, आडवं न होता, बूट घालून विद्यापीठाकडे ३० मिनिटं. पाऊस असला तर जिना १५ मिनिटं. नंतर जमेल तसा अभ्यास.' सेकंड शिफ्टला चहाचा कप. चालेल?

सागरमाळ
'आडवं न होता' काढा, 'सोफ्याकडे वळलो तर आधी बुटाची नाडी बांधीन' असं करा. काय टाळायचं हे लिहिलं की तेच आठवतं. बूट दारात नको, मोरीच्या वाटेवर ठेवा. शेवटचं वाक्य खोडा, अभ्यास चालणं बसल्यावर. तेव्हाही 'अभ्यास' असं लिहू नका. 'टर्निंगचं एक ड्रॉइंग घेऊन जी७१ सायकलचा प्रोग्रॅम वहीत लिहीन' (जी७१ म्हणजे लेथवर जादा धातू थराथराने काढायची तयार आज्ञा) असं, जे झालं की नाही ते वही उघडून दाखवता येईल.

उभा_मारुती_चौक
आणि स्टेटसला टाकू नको रे. एकालाच सांग, जो रोज विचारेल.