मदत हवी आहे: एटीव्ही लांबून स्वस्तात घ्यावी की जवळच्या डीलरकडून?

शेतकामासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी, उघडी चारचाकी) घ्यायची आहे. ट्रेलर ओढणं, चिखलातून चारा-खत नेणं, एवढंच काम. मॉडेल ठरलंय, अडलंय डीलरवर. जवळचा २० मिनिटांवर, लांबचा ४ तासांवर. दोघांकडून लेखी कोटेशन घेतलं. वाहतूक, जोडणी, नोंदणी सगळं धरूनही लांबचा ५ टक्क्यांनी स्वस्त पडतो. जवळच्याला दर जुळवायला सांगितलं, तर तो फक्त पहिली सर्व्हिस मोफत देतो म्हणाला.

तेल, एअर फिल्टर, सीव्हीटी बेल्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा ऑटोमॅटिक गिअरचा पट्टा) मी घरी बदलतो. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनाच्या झडपांची फट) जुळवणं किंवा पॉवर स्टिअरिंगचा बिघाड मात्र मला जमणार नाही. आणि गाडी लादून न्यायला माझ्याकडे वाहन नाही, ऐन सुगीत बंद पडली तर खरी पंचाईत तिथेच आहे. जुनी घ्यायची नाही, वॉरंटी हवीच.

वॉरंटीचं काम कुठल्याही अधिकृत डीलरकडे होतं, असं या मॉडेलच्या पुस्तिकेत आहे. पण दुसरीकडून घेतलेली गाडी आणली की जवळचा डीलर प्रत्यक्षात रांगेत मागे ढकलतो का? ज्यांनी अशी घेतली आहे, त्यांची गाडी वॉरंटीच्या कामाला किती दिवस अडकून पडली?