‘आउसिलियार’ म्हणजे मदतनीस नव्हे

ताई, लिस्बनच्या सरांचं ‘प्रोफेसॉर आउसिलियार’ हे पद अमेरिकेच्या अर्जात कसं लिहायचं, असं विचारलंत. मूळ पद तसंच ठेवा, पुढे कंसात ‘असिस्टंट प्रोफेसरच्या समकक्ष’ लिहा. मी शब्दकोश बघून ‘ऑक्झिलरी’ लिहिलं होतं. सर हसून म्हणाले, मला प्रयोगशाळेतला पोऱ्या केलास की! त्यांच्याकडे या पदाच्या वर ‘असोसियादू’ (असोसिएट प्रोफेसर), सर्वांत वर ‘कातेद्रातिकू’ (फुल प्रोफेसर). आपणहून बढती देऊ नका. शिफारसपत्राखाली सर स्वतःचं पद लिहितीलच, तिथे फरक दिसला तर पंचाईत.

आणि ‘डॉ.’ जपून. पोर्तुगालात साध्या पदवीधरालाही ‘डॉ.’ म्हणतात. आमच्या मडगावातले शेजारी वकील, तरी पाटीवर ‘डॉ.’, आणि लोक ताप घेऊन दारात! पीएचडीवाल्यांना पोर्तुगालात ‘दोतोर’ अख्खं लिहितात.