लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत खानदेशचे आणि भिल्ल पलटणीचे जुने कागद कसे शोधावेत?

गिरणाकाठ, धरणगाव

राम राम मंडळी. धरणगावच्या भिल्ल पलटणीवर, म्हणजे इंग्रजांनी भिल्लांना भरती करून उभारलेल्या पलटणीवर लिहायला घेतलंय. 1825 पासूनची पहिली दहा वर्षं, म्हणजे ती उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम इथे होता तोवरचा काळ. जूनमध्ये लेकीकडे लंडनला जाणं आहे, त्यात ब्रिटिश लायब्ररीसाठी कामाचे चार दिवसच हाताशी राहतील. तिथे इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून चाललेल्या हिंदुस्थानच्या कारभाराचे कागद आहेत एवढं माहीत आहे. पास कसा मिळतो, कुठल्या मालिकेत बघायचं, फोटो काढू देतात का? आणि आउट्रमची कबर व पुतळा बघायला किती वेळ राखून ठेवावा? जाणकारांनी नीट सांगावं.

पांझरा

आप्पा, चार दिवस पुरतात, पण कागदांचे क्रमांक घरून लिहून नेले तरच. तिथे बसून शोधायला सुरुवात केलीत तर पहिले दोन दिवस सूचीतच जातील.

पासचं आधी. लायब्ररी युस्टन रोडवर आहे, किंग्ज क्रॉस सेंट पँक्रास स्टेशनातून पायी पाच-सात मिनिटं. रीडर पास फुकट आहे, पण मूळ कागदपत्रं बघितल्याशिवाय देत नाहीत. सही असलेला पुरावा आणि कायमच्या घरचा पत्ता असलेला पुरावा, असे दोन लागतात. सहीला पासपोर्ट चालतो. अडतं ते पत्त्यावर. लेकीचा लंडनचा पत्ता उपयोगाचा नाही, तुमचा धरणगावचाच पाहिजे, आणि तो इंग्रजीत छापलेला. मराठीतलं वीजबिल तिथल्या माणसाला वाचता येणार नाही. निघायच्या आधी बँकेतून पत्त्यासकट ताजं इंग्रजी स्टेटमेंट शिक्का मारून घ्या. पासपोर्टवरचं नाव आणि स्टेटमेंटवरचं नाव एकसारखं आहे ना, तेही बघा. आपल्याकडे एकीकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर.

कागद तिसऱ्या मजल्यावरच्या आशियाई व आफ्रिकी अभ्यासाच्या वाचनकक्षात मिळतात. बॅग, कोट, पेन, पाण्याची बाटली सगळं खाली लॉकरमध्ये. आत पारदर्शक पिशवीतून शिसपेन्सिल, वही, लॅपटॉप, फोन. रविवारी वाचनकक्ष बंद असतात, त्यामुळे चार दिवस धरताना सोमवार ते शनिवारच धरा. आपल्या फोनने बहुतेक कागदांचे फोटो काढता येतात, फ्लॅश नाही. मात्र ज्या खंडाची मायक्रोफिल्म झालेली असते त्याचा मूळ खंड सहसा हातात देत नाहीत, फिल्मच बघावी लागते. ती वाचायला वेळ जास्त लागतो. असे खंड कोणते ते आधीच विचारून ठेवा आणि त्यांना वेगळा दिवस द्या.

2023 च्या ऑक्टोबरात लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. तेव्हा ऑनलाइन सूची आणि घरबसल्या मागणी बंद पडली, पुढे सेवा टप्प्याटप्प्याने परत आल्या. म्हणून त्याआधीच्या लेखांतले दुवे आणि सूचना आंधळेपणाने वापरू नका. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी वाचनकक्षाला ईमेल करून तुमच्या यादीतले खंड कुठे आहेत ते विचारा. काही साहित्य यॉर्कशरमधल्या बोस्टन स्पाच्या गोदामात असतं, ते मागवायला दोन-तीन दिवस जातात. तुमच्या चार दिवसांत तेवढी सवड नाही.

सातमाळा

पांझरांनी पासचं सगळं सांगितलंय. मी मालिकांबद्दल लिहितो, कारण भिल्ल पलटणीचं खरं काम तिथेच अडतं.

इंडिया ऑफिसच्या दप्तरात तुमच्यासाठी दोन मालिका मुख्य. पहिली एफ/4, म्हणजे बोर्ड्स कलेक्शन्स, 1796 ते 1858. मुंबई सरकारचं पत्र लंडनला गेलं की त्याला उत्तर लिहिण्यासाठी त्या विषयाचे सगळे आधारकागद तिथे एकत्र बांधत. त्यामुळे एका विषयाची दोन-तीन वर्षांची पत्रं एका जागी सापडतात: कलेक्टरचा अहवाल, त्यावरची मुंबईची टिपणं, पगाराचे तक्ते. सूचीत प्रत्येक कलेक्शनला विषयाचं नाव दिलेलं असतं, म्हणून शोध इथून सुरू करायचा. क्रमांक लिहिताना एफ/4 नंतर आधी खंडाचा क्रमांक, मग कलेक्शनचा. मागणी खंडाच्या क्रमांकाने होते, कलेक्शन आत उलगडून शोधायचं. हे दोन आकडे उलटे लिहिले की भलताच खंड येतो आणि अर्धा दिवस हकनाक जातो.

दुसरी मालिका पी, म्हणजे प्रोसिडिंग्ज. मुंबई कौन्सिलसमोर आलेलं प्रत्येक पत्र त्यात नकलून ठेवलेलं आहे, पण सूचीत खंडावर फक्त खातं आणि तारखांचा पल्ला असतो. भिल्लांचा विषय ज्युडिशियल, पोलिटिकल आणि रेव्हेन्यू अशा तिन्ही खात्यांत विखुरलाय. आणि यात नोंद पत्राच्या तारखेने लागत नाही, ते पत्र कौन्सिलसमोर आलं त्या तारखेने लागते. धुळ्याहून एप्रिलमध्ये निघालेलं पत्र मे किंवा जूनच्या कन्सल्टेशनमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या बैठकीच्या नोंदीत, असू शकतं. एप्रिलचा खंड चाळून ‘पत्र नाहीच’ असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात. म्हणून आधी एफ/4 मध्ये विषय पकडा, तिथल्या पत्रांच्या माथ्यावर किंवा समासात कन्सल्टेशनची तारीख मिळते, ती घेऊन मग पी कडे वळा.

घरबसल्या शोधायला लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजची ‘डिस्कव्हरी’ सूची वापरा. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या बऱ्याच नोंदी तिच्यातही दिसतात. याचा अर्थ कागद क्यूला आहेत असा नाही. नोंदीत कागद कुठे ठेवलाय ते लिहिलेलं असतं, ते वाचा. कंपनी सरकारच्या मुंबई कारभाराचे कागद क्यूला नाहीत.

शोधताना आजचं स्पेलिंग घातलंत तर थोडंच सापडेल. त्या काळी खानदेश सी-ए-एन-डी-ई-आय-एस-एच असा लिहीत, शेवटचा एच कधी गळतोही. भिल्लला बी-एच-ई-ई-एल किंवा एच गाळून बी-डबल ई-एल. धुळे डी-एच-ओ-ओ-एल-आय-ए. धरणगावचे तर चार-पाच प्रकार मिळतील, म्हणून गावाऐवजी ‘भिल्ल कोअर’ आणि माणसांच्या नावाने शोधा: आउट्रम, खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी ब्रिग्ज, आणि कन्नड गावी भिल्लांसाठी नेमलेला एजंट ओव्हान्स.

अनेर

सातमाळांच्या सांगण्यात एक भर घालायलाच हवी. लंडनला गेले ते मुंबईने वर पाठवलेले कागद. कोणत्या गावच्या नाईकाला किती गल्ला दिला, कोणाला तगाई, कोणाला बैल, हे तळातले कागद लंडनला पोचलेच नाहीत, किंवा एका ओळीचा गोषवारा होऊन पोचले. त्यांच्यासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार बघा. 1818 ते 1826 पर्यंत खानदेशचा कलेक्टर पुण्याच्या दख्खन कमिशनरच्या हाताखाली होता, आधी एल्फिन्स्टन आणि मग चॅपलिन. म्हणून कॅप्टन ब्रिग्जच्या काळातला पत्रव्यवहार पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या इमारतीत शोधावा लागतो. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहेच. आप्पा, पलटण उभी राहिली तोपर्यंत ब्रिग्ज गेलेला होता, पण भिल्लांवर आधी सात वर्षं केलेल्या मोहिमा का फसल्या ते कळल्याशिवाय 1825 चा निर्णय समजत नाही. त्यामुळे 1818 पासून वाचा.

एल्फिन्स्टनचे खाजगी कागद मात्र लंडनलाच आहेत, युरोपियन मॅन्युस्क्रिप्ट्स या खाजगी कागदांच्या विभागात एफ 88 या क्रमांकाखाली. संग्रह मोठा आहे, त्याची वेगळी हस्तसूची आहे. चार दिवसांत त्यातलं एखादंच पुडकं हाताळता येईल. तुमचा भर आउट्रमवर असेल तर ते बाजूला ठेवलेलं बरं.

निघण्यापूर्वी 1880 चं कॅम्पबेल संपादित खानदेश गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याचा बारावा खंड, इतिहासाच्या प्रकरणापुरता ओळीने वाचा आणि तळटिपा उतरवा. स्कॅन फुकट मिळतं. तळटिपांमधल्या तारखा म्हणजे लंडनमधल्या शोधाची किल्ली. हद्दीही लक्षात ठेवा. 1869 पर्यंत मालेगाव आणि बागलाण खानदेशात होते, नंतर नाशिक जिल्ह्यात गेले. पूर्व आणि पश्चिम खानदेश ही विभागणी 1906 ची, तुमच्या काळात ती नाही.

थाळनेरच्या किल्ल्यावर एखादं प्रकरण असेल तर त्यासाठी लायब्ररीचा वेळ घालवू नका. 27 फेब्रुवारी 1818 ला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने किल्ला घेऊन किल्लेदाराला फाशी दिलं. त्यावर 1819 च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात चर्चा झाली आणि सैन्याच्या आभाराच्या ठरावात थाळनेरच्या कृत्याला मान्यता धरू नये असं वेगळं नोंदवलं. ती चर्चा हॅन्सार्डमध्ये, म्हणजे पार्लमेंटातल्या चर्चांच्या छापील वृत्तांतात, घरी बसून वाचता येते. खानदेशातली एक फाशी तिथल्या सभागृहात इतकी बोचली होती, हे आपल्याकडच्या स्थानिक इतिहासांत यायला हवं, येत नाही.

गिरणाकाठ, धरणगाव

हाई बठ्ठं कामनं शे! मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. जुनं हस्ताक्षर वाचता येईल का? आणि पगाराच्या तक्त्यांमधले आकडे कसे वाचायचे? एका स्कॅनमध्ये रुपयांपुढे दोन रकाने दिसले, आणे-पै धरून बेरीज केली तर जुळत नाही.

सातमाळा

हस्ताक्षराची चिंता नको. लंडनला गेलेल्या प्रती कारकुनांनी सुवाच्य नकललेल्या असतात, मुंबईच्या कच्च्या मसुद्यांपेक्षा पुष्कळ सोप्या. दोन संक्षेप तेवढे ओळखा. तारखेपुढे ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा. 5 जुलैच्या पत्रात ‘12 अल्टिमो’ आलं तर ते 12 जून. हे चुकलं की घटनाक्रम महिन्याने सरकतो.

तुमची बेरीज जुळत नाही कारण ते आणे-पै नाहीत. मुंबई इलाख्याच्या त्या काळच्या हिशेबात रुपया, क्वार्टर आणि रीस असे तीन रकाने असत. 4 क्वार्टरचा 1 रुपया, 100 रीसचा 1 क्वार्टर, म्हणजे रुपयाचे 400 रीस. ओळखायची खूण सोपी: मधल्या रकान्यात 3 च्या वर आकडा कधीच जात नाही आणि शेवटच्यात 99 पर्यंत जातो. 7 रुपये 2 क्वार्टर 50 रीस म्हणजे 7 रुपये आणि रुपयाचे पाच अष्टमांश, आपल्या हिशेबाने 7 रुपये 10 आणे.

महसुलाच्या कागदात फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, आलं तर इसवी सनासाठी दख्खनी फसलीत 590 मिळवा: फसली 1235 म्हणजे 1825-26. उत्तर हिंदुस्थानची फसली वेगळी आहे, तिचं कोष्टक लावू नका, दोन-तीन वर्षांचा फरक पडतो.

पांझरा

आउट्रमचं राहिलं. पुतळा आणि कबर मिळून एक सकाळ पुरते. एम्बँकमेंट स्टेशनला उतरा, थेम्सच्या काठाने व्हाइटहॉल गार्डन्समध्ये जा. तिथे मॅथ्यू नोबलने केलेला आउट्रमचा ब्राँझ पुतळा आहे, 1871 चा. त्याच बागेत बार्टल फ्रेअरचाही पुतळा आहे, जो आधी साताऱ्याचा रेसिडेंट आणि पुढे 1862 ते 1867 मुंबईचा गव्हर्नर. बाग उघडी, तिकीट नाही. तिथून वेस्टमिन्स्टर ॲबे पायी पंधरा-वीस मिनिटं. ॲबेचं तिकीट ऑनलाइन आगाऊ काढा. रविवारी ॲबे फक्त उपासनेला उघडं असतं, पर्यटकांना सोडत नाहीत.

आउट्रम 11 मार्च 1863 ला फ्रान्समध्ये पाउ इथे वारला, दफन ॲबेच्या नेव्हमध्ये, म्हणजे मधल्या लांब दालनात झालं. कबर म्हणजे जमिनीत बसवलेली शिळा, मान खाली घालून शोधावी लागते. कॉलिन कॅम्पबेल आणि जॉन लॉरेन्स यांच्या कबरी त्याच दालनात आहेत, त्यावरून जागा विचारता येते. भिंतीवर नोबलनेच केलेला अर्धपुतळा आहे. त्याखाली कोरलेला प्रसंग लखनौचा, 1857 चा. आपल्याकडची दहा वर्षं त्या प्रसंगात नाहीत, म्हणून तुमच्या लेखाची गरज मला जास्त वाटते.

अनेर

एक जोड. एखादी दुपार उरली तर साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला डोक्यात ठेवा. मेजर रॉबर्ट गिलने 1844 पासून अजिंठ्यात बसून केलेली चित्रं बहुतेक सगळी 1866 च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, थोडी वाचली. पुढे जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या आर्ट स्कूलचे विद्यार्थी घेऊन 1872 ते 1885 मध्ये पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत गेल्या. गिल 1879 मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे, आपल्या दारात.

पण या नकला नेहमी भिंतीवर नसतात. म्युझियमच्या संकेतस्थळावर प्रत्येक वस्तूच्या पानावर ती कुठे आहे ते दिलेलं असतं: दालनाचा क्रमांक असेल तर सरळ जा, साठ्यात असेल तर बघण्यासाठी काही आठवडे आधी वेळ मागावी लागते, आणि मोठ्या कापडी चित्रांना नकारही येऊ शकतो. मागणी करताना आय-एस ने सुरू होणारा वस्तू क्रमांक द्या, नुसतं ‘अजिंठा’ लिहू नका.

सातमाळा

फोटोंचं एक सांगायचं राहिलं, आप्पा. प्रत्येक खंड उघडण्याआधी त्याच्या पाठीवरच्या क्रमांकाचा आणि मागणी चिठ्ठीचा फोटो घ्या, मग पानं. प्रत्येक पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने किंवा शिक्क्याने फोलिओ क्रमांक, म्हणजे दप्तरखान्याने घातलेला पृष्ठपत्राचा क्रमांक, असतो, तो चौकटीत आला पाहिजे. मूळ शाईचा पान क्रमांक वेगळा असतो, संदर्भ देताना फोलिओच द्यायचा. रोज संध्याकाळी लेकीकडे गेल्यावर त्या दिवसाचे फोटो खंडाच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घ्या. एखादं पान धूसर आलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतं, म्हणून खंड परत करताना तो राखून ठेवायला सांगा. नाहीतर तो गोदामात जातो आणि पुन्हा मागवावा लागतो.